परत कोण जातंय तिकडं?

"परत कोण जातंय तिकडं? टाक कचऱ्यात."

आमच्या निपाणीच्या घरात हे वाक्य बोललं गेलं तेव्हा दशलक्षण पर्व चालू होतं. तिसरा दिवस, उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, बोलण्यात दुसरं आणि करण्यात तिसरं असं नसणं. हे सकाळी बस्तीत पंडितजींनी तासभर समजावून सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. दुपारी पोस्टमन इटलीहून आलेली तीन पाकिटं देऊन गेला. तीन दंड. आमच्या मुलाच्या नावावर. आणि भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, निकाल देऊन टाकला. घरात कुणी हूं की चूं केलं नाही. मी पण नाही. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते.

झालं होतं ते असं. मागच्या दिवाळीनंतर आम्ही सहाजण इटलीला गेलो. मुलानं आरटीओतून वर्षभराचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं होतं. तिथं भाड्याची गाडी घेतली. डिकीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, मेतकूट. नोव्हेंबरात तिकडं पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. एका जुन्या शहरातल्या मुक्कामावर पोचायला उशीर झाला होता आणि सूर्यास्ताच्या आत जेवायचं होतं. एका गल्लीच्या तोंडाशी पांढरी गोल पाटी, भोवती लाल कड. मुलगा थबकला, "आई, इथं काहीतरी लिहिलंय." मी पुढच्या सीटवर होते. मी म्हटलं, "जा की, काय होतंय! सगळ्या गाड्या जायलाच लागल्यात." रस्ता चुकला म्हणून बाहेर पडून पुन्हा आत शिरलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा. रात्रीभोजनाचा त्याग पाळला गेला. नियम तीनदा मोडला.

ती पाटी म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. इटलीतल्या जुन्या शहरांचे गाभे अरुंद, शेकडो वर्षांपूर्वीचे. तिथं ठरलेल्या वेळात फक्त रहिवाशांच्या आणि परवानगी असलेल्या गाड्या जातात. पोलीस शिट्टी मारत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. पुन्हा आत शिरलात तर पुन्हा दंड होऊ शकतो. अशा भागातल्या हॉटेलात उतरणार असाल तर बऱ्याच शहरांत हॉटेलवाले तुमच्या गाडीचा नंबर पोलिसांकडे नोंदवून देतात; फक्त आधी सांगावं लागतं. आमच्या बुकिंगच्या कागदावर ही सूचना होती. ती कुणी वाचली नव्हती.

पुढची गंमत बघा. परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी गाडीच्या कंपनीनं कार्डावरून तीनदा पैसे कापले. आम्ही म्हटलं, चला, दंड फिटला. तो दंड नव्हताच! गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना कळवायची ती कंपनीची फी. खरा दंड सावकाश, नाव-पत्ता शोधत, दहा महिन्यांनी घरी आला. जाणाऱ्या बायांनो, एवढं लक्षात ठेवा. कार्डावरून पैसे गेले म्हणजे दंड भरला असं नाही.

आता भाऊजींचे मुद्दे घेते. ते एकटे नाहीत, हेच मुद्दे मी लग्नाच्या पंगतीत दहाजणांच्या तोंडून ऐकलेत.

पहिला मुद्दा, तो कॅमेऱ्यांचा धंदा आहे, पाहुण्यांना लुटतात. यात थोडं तथ्य आहे. परक्या भाषेतली पाटी, कुणी अडवत नाही, आणि पत्र दहा महिन्यांनी. रागावायला जागा आहे. पण रागावण्याची वाट त्या कायद्यातच ठेवलेली आहे. दंड अन्यायाचा वाटला तर परदेशात राहणाऱ्यांना 60 दिवसांत प्रशासनाकडे किंवा तिथल्या छोट्या न्यायालयात दाद मागता येते. मान्य असेल आणि पाच दिवसांत भरला तर 30 टक्के सूट मिळते. म्हणजे भांडा नाहीतर भरा. कचऱ्यात टाकणं ही तिसरी वाट आपण काढली. ज्याला अन्याय वाटतो तो भांडतो, आणि पत्र लपवतो त्याला आपली चूक ठाऊक असते.

दुसरा मुद्दा, त्यात कुणी मेलं का? नाही मेलं. आपलं नशीब. पण हाच माणूस हाच मुद्दा घेऊन तवंदी घाटात ताशी शंभरनं उतरतो. 2022 साली भारतात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यातली सुमारे 71 टक्के अतिवेगामुळं. हे केंद्र सरकारचे आकडे आहेत. पायी विहार करणाऱ्या साधुसाध्वींना वाहनानं उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, विनयांजली सभा घेतो. ते साधू चालताना काय पाळत असतात? ईर्यासमिती. चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं, मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून. आणि त्यांच्या दर्शनाला निघालेले आपण, फोन कानाला लावून, त्याच रस्त्यानं. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, मुळाशी ठेवला आहे. जीव गेला की नाही हे नंतर. बेसावधपणा आधी. स्वित्झर्लंडमध्ये गावातल्या 50 च्या हद्दीत दहानं वेग वाढला तर 120 फ्रँक दंड होतो. आपल्याला तो छळ वाटतो. मला वाटतं, चार हातांचा हिशोब त्यांनी गाडीला लावला आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात आवडता. "यात धर्म कुठं आला, वहिनी?"

कुठं आला सांगते. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढा. पर्वात आपण दहा अध्याय दहा दिवस वाचतो, वाचून पुस्तक कपाळाला लावतो. अचौर्य व्रताचे पाच अतिचार तिथं मोजून दिलेत. चोरीला प्रवृत्त करणं, चोरीचा माल घेणं, खोटी वजनमापं, भेसळ. आणि त्यात एक आहे विरुद्धराज्यातिक्रम. राज्यानं घातलेली मर्यादा ओलांडणं. जुन्या टीकाकारांच्या डोळ्यांपुढं व्यापारी होता, नियम डावलून अन्यायानं माल मिळवणारा. आज तो व्यापारी भाड्याच्या गाडीत बसून फिरतो. खोटं वजन आपल्याला लगेच कळतं. तंबाखूच्या वखारींच्या गावात वाढलेल्या पोरीला काट्याची चोरी शिकवावी लागत नाही. पण त्याच यादीतला शेजारचा शब्द आपण वाचून पुढं जातो, कारण तो आपल्याला धरतो.

आणि विरुद्धराज्य शोधायला आपल्याला इटलीला जायला नको. 1956 च्या नोव्हेंबरात आपली गावं म्हैसूर राज्यात गेली तेव्हापासून परराज्य आपल्या परसात आहे. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. सीमेचं दुःख खरं आहे, त्याबद्दल मी इथं बोलत नाही. मी बोलते त्या दुःखाच्या आड लपवलेल्या चलाखीबद्दल. निपाणीत राहायचं, धंदा इथं, मुलं इथल्या शाळेत. पण कर्नाटकाचा रोड टॅक्स जास्त म्हणून गाडीचं पासिंग एमएच 09, कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर. कायदा सांगतो की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यायला हवा. आमच्या गल्लीतल्या गाड्या बारा वर्षं पाहुण्या म्हणून उभ्या आहेत! विचारलं की मराठी अस्मिता. कर चुकवायला भाषा कशाला मधे आणता?

आणखी एक. 2023 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं थकलेल्या वाहतूक दंडावर 50 टक्के सूट दिली. बेंगळुरात भरायला रांगा लागल्या. आमच्या घरात त्यातून काय धडा घेतला गेला? "बघा, थांबलं की निम्म्यात होतंय." मोडायचं, थांबायचं, निम्मं भरायचं. मुलं हे ऐकतात. मग सोळाव्या वर्षी तीच मुलं स्कूटर मागतात आणि आपण किल्ली देतो, शिकवणी लांब आहे म्हणून. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. ती स्कूटर पुष्कळदा आईच्या नावावर असते.

म्हणून हे बायकांना सांगते. घरातला धर्म आपण चालवतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी शिजत नाही ती आपल्यामुळं. पाणी गाळलं जातं, कंदमूळ उंबऱ्याच्या आत येत नाही, ते आपल्या नजरेमुळं. सुनेच्या डब्यात बटाटा निघाला तर आपण आठवडाभर बोलतो. मग तीन पाकिटं कचऱ्यात जाताना आपली जीभ कुठं जाते? गाडी, पैसा, कायदा ही पुरुषांची खाती, असं म्हणून आपण सुटतो. पुढच्या सीटवर बसून "जा की" म्हणणारी मीच होते. तेव्हा ते खातं माझं नव्हतं का?

निपाणीजवळच्या स्तवनिधीला 1899 साली आपल्या समाजाच्या सभेची स्थापना झाली. शिक्षण हवं, जुन्या वाईट चाली सोडायला हव्यात, हे आपल्याच लोकांना तोंडावर सांगणारी ती माणसं होती. आज आपण नवीन गाडी घेतली की पहिली फेरी स्तवनिधीची करतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो. त्याच दिवशी गाडी चालवणाऱ्याकडून एक नियम घ्यायला काय हरकत आहे? पाटी वाचल्याशिवाय पुढं जाणार नाही. दंड आला तर सांगेन, लपवणार नाही. आपण साधूंकडून कितीतरी नियम घेतो, कुणी वांगं सोडतं, कुणी चहा. हे त्यात बसतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पाकिटं कचऱ्याच्या डब्यातून काढली, मुलाला बसवलं, एकेक ओळ भाषांतर करून वाचली. पाच दिवसांच्या आत होतो, सूट मिळाली. बँकेतून पैसे पाठवले. कपातीची फी धरली तर हिशोब अंगावर आला. या वर्षी दिवाळीची साडी मी घेतली नाही, कारण "जा की" माझं होतं. मुलगा म्हणाला, "आई, मीच चालवत होतो, निम्मे माझे." मी घेतले.

भाऊजी अजून हसतात. "वहिनींनी इटलीचं कर्ज फेडलं," म्हणून पाहुण्यांना सांगतात. सांगू देत. त्यांच्या दारातली एमएच 09 अजून तिथंच उभी आहे. या पुस्तकाची पहिली प्रत मी त्यांनाच देणार आहे, आणि हे पान दुमडून देणार आहे.