न्याहारी कोणाची, निवास कोणाचा?

शहरातील सुखवस्तू वर्गाला अलीकडे ग्रामजीवनाचा कळवळा आला आहे. जुन्या वाड्यांची डागडुजी होते, गोठ्याच्या जागी शयनगृहे उभी राहतात आणि चुलीवरची भाकरी दाम मोजून खाल्ली जाते. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ मध्ये रुजलेल्या कृषी पर्यटनासाठी राज्य शासनाने २०२० मध्ये स्वतंत्र धोरणही आखले. पर्यटन महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजना तर आहेच.

आमचा या व्यवसायाला सरसकट विरोध नाही. पावसाच्या लहरीवर आणि व्यापाऱ्याच्या मर्जीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला जोडधंदा मिळत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु भाड्याने देण्याइतक्या खोल्या आहेत कोणाकडे? दोन एकर जिरायतीचा धनी पत्र्याच्या छपराखाली पाहुण्यांना कोठे निजवणार? ज्याचा वाडा, त्याचेच नवे उत्पन्न, असाच याचा अर्थ होतो.

पाहुण्यांना वाड्याचा इतिहास म्हणून सागवानी खांब आणि पणजोबांची पगडी दाखवली जाते. या मातीचा इतिहास मात्र निराळा आहे. कळस ज्या इंदापूर तालुक्यात मोडते, तेथेच प्रिंगलच्या जबर आकारणीने शेतकरी परागंदा झाले, जमिनी ओस पडल्या आणि १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांना नव्याने मोजणी करावी लागली. तरीही सावकारी पाश सुटला नाही. बारामती तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ती त्याच पाशाविरुद्ध. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला. पण जमीन राजीखुशीने सोडल्याचे कागद करून महाराष्ट्रात असंख्य कुळांना आधीच बेदखल करण्यात आले होते. असा एखादा अंगठा कोणत्या वाड्याच्या पायात पुरला आहे, हे पाहुण्यांना कोण सांगणार?

नीरेच्या डाव्या कालव्याने ऊस आणला, उसाने वैभव आणले. तो ऊस तोडण्यासाठी मराठवाड्यातून येणारा मजूर मात्र आजही कोपीतच राहतो. त्याच्या निवासाची योजना कोठे आहे? पहाटे अंधारात भाकरी बांधून फडात उतरणाऱ्या त्याच्या पत्नीच्या न्याहारीची चिंता कोणत्या महामंडळाला आहे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शासकीय सवलतींचा पहिला हक्क अल्पभूधारकांच्या आणि शेतमजूर स्त्रियांच्या सहकारी संस्थांना मिळाला पाहिजे. पर्यटन केंद्रांत भाकऱ्या थापणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या प्रत्येकीचे नाव हजेरीपटावर असले पाहिजे. तिला किमान वेतन आणि आठवड्याची भरपगारी सुटी मिळाली पाहिजे.

कार्यकर्त्यांनीही एक काम अंगावर घ्यावे. कळसपासून सुप्यापर्यंत गावोगावच्या वृद्ध सालगड्यांना, कुळांना आणि त्यांच्या वारसांना भेटून त्यांच्या आठवणी लिहून काढाव्यात. वाडा मालकाच्या नावावर असेल. परंतु तो ज्यांच्या घामावर उभा राहिला, त्यांचा इतिहास मालकाच्या स्वाधीन करण्याचे कारण नाही.