पिंपापासून पेल्यापर्यंत

मा. अध्यक्ष,
इंडियन हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन ('आहार'),
मुंबई.



परवान्यांची शुल्के, करांचे दर, दुकाने बंद करण्याच्या वेळा अशा अनेक प्रश्नांवर आपली संघटना शासनदरबारी दाद मागत आली आहे, आणि मुंबईतील उपाहारगृहे व परमिट रूम यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिने दीर्घ सेवेने मिळवला आहे. म्हणून ज्या विषयाची तड लावण्यास सरकारी हुकमापेक्षा व्यवसायाचीच इच्छा अधिक उपयोगी पडेल, असा एक विषय मी आपल्यापुढे मांडत आहे. उपाहारगृहांत नळावरून मिळणारी ड्राफ्ट बिअर वारंवार बिघडलेली निघते, आणि ती बिघडलेली आहे असे सांगणाऱ्या ग्राहकाशी कसे वागावे याची सर्वमान्य रीत आपल्याकडे रुजलेली दिसत नाही. पहिली गोष्ट दुःखाची आहे. दुसरी मला अधिक गंभीर वाटते.

गेल्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका उपनगरात, ज्याचे नाव लिहिण्याचे येथे प्रयोजन नाही अशा एका चांगल्या चालणाऱ्या उपाहारगृहात, मी एका ज्येष्ठ स्नेह्यांसमवेत बसलो होतो. मागवलेल्या पिचरमधील बिअर पहिल्याच घोटाला आंबट लागली, तिला शिळ्या लोण्याचा वास येत होता, आणि पेल्यात ओतताच तिचा फेस विरून गेला. वेटरला जवळ बोलावून हळू आवाजात ही गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ड्राफ्ट अशीच असते." व्यवस्थापक आले; त्यांनी बाकीच्या टेबलांवर तीच बिअर चालली असून कोणाची तक्रार नाही, असा खुलासा केला. पिचर बिलात कायम राहिला. त्या दोघांपैकी कोणीही उद्धट नव्हते, आणि दोघांचाही आपल्या बोलण्यावर पूर्ण विश्वास होता. मला जे लागले ते हेच, की ज्यांच्या हातून रोज शेकडो पेले भरले जातात त्यांना चांगली ड्राफ्ट बिअर कशी असते हे कोणी कधी दाखवलेलेच नसावे.

जव भिजवून त्याला मोड आणायचे, ते मोड भट्टीत सुकवून माल्ट सिद्ध करायचे, ते भरडून ठरावीक उष्णतेच्या पाण्यात मुरवत ठेवून त्यातील पिष्टाची साखर होऊ द्यायची, त्या गोड अर्कात हॉप्सची कडवट फुले घालून तो उकळायचा, निववून यीस्टच्या स्वाधीन करायचा, आणि बिअर लागर जातीची असेल तर किण्वन आटोपल्यावरही गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत तिला काही आठवडे परिपक्व होऊ द्यायचे, एवढे सायास करून निर्मात्याने तयार केलेली बिअर पोलादी पिंपात भरून आपल्या सभासदांच्या दारी येते. बाटलीतील बिअर बहुधा उष्णता देऊन टिकाऊ केलेली असते. पिंपातील बिअर पुष्कळदा तशी नसते, आणि तिचा ताजेपणा व तिचा नाजूकपणा ही दोन्ही त्या एकाच कारणाची फळे आहेत. आठवड्यांचा हा प्रवास निर्विघ्न पार पाडलेली बिअर नासते ती पिंपापासून नळापर्यंतच्या शेवटच्या चार-पाच मीटरांत.

पिंप आणि नळ यांना जोडणाऱ्या नळीच्या आतल्या अंगाला यीस्टचे आणि प्रथिनांचे सूक्ष्म पुट चढत जाते, आणि कालांतराने त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचा तो कठीण थर मिसळतो ज्याला या धंद्यात 'बिअरस्टोन' म्हणतात. त्या पुटाच्या आश्रयाने लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू वाढले की बिअर आंबट होते. पीडिओकॉकस वाढला की डायअसिटिल नावाचे द्रव्य तयार होऊन लोण्याचा वास येऊ लागतो. आणि नळाच्या तोंडाशी, जेथे हवेचा स्पर्श होतो तेथे, ॲसिटिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू व्हिनेगरची झाक आणतात. आमच्या पिचरमधील लक्षणे बहुतांशी याच निदानाकडे बोट दाखवत होती. मद्यार्क, आम्लता आणि हॉप्स यांच्यामुळे रोगकारक जंतू बिअरमध्ये सहसा वाढू शकत नाहीत, त्यामुळे असा पेला पिऊन कोणी रुग्णालयात जात नाही. आणि कोणी रुग्णालयात जात नाही म्हणूनच ही अस्वच्छता कोणाच्या दप्तरी नोंदली जात नाही.

उपाय अज्ञात नाही. दर 14 दिवसांनी कॉस्टिकयुक्त द्रावण पंपाच्या साहाय्याने किमान 15 मिनिटे नळ्यांतून खेळवावे, नळ सुटे करून घासावेत, आणि दर तीन महिन्यांनी आम्लाच्या द्रावणाने खनिज थर काढून टाकावा, अशी अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस आहे. ब्रिटनमध्ये तर दर आठवड्याला नळ्या धुण्याचा शिरस्ता आहे. आपल्याकडे नळ व नळ्या पुष्कळ ठिकाणी बिअर पुरवणारी कंपनीच बसवून देते, आणि मग धुण्याची जबाबदारी कंपनीच्या माणसाची की उपाहारगृहाची, हा प्रश्न अनिर्णीत राहून नळी तशीच राहते. नळी धुताना तिच्यात उरलेली बिअर फुकट जाते, असा आक्षेप घेतला जातो, त्याचाही हिशेब करून पाहावा. सहा मिलिमीटरहून किंचित अधिक व्यासाच्या पाच मीटर लांब नळीत सुमारे 160 मिलिलिटर बिअर मावते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या मगाचा एक तृतीयांश हिस्सा, आणि तोही पंधरवड्यातून एकदा. एवढ्या नुकसानीला भिऊन 30 लिटरचे पिंपच्या पिंप ग्राहकाच्या गळी बिघडलेल्या अवस्थेत उतरवणे हे व्यापारी दृष्टीनेही शहाणपणाचे ठरणार नाही.

आपल्या सभासदांत उडुपी पद्धतीची उपाहारगृहे चालवणारी घराणी पुष्कळ आहेत. या शहरातील गिरणी कामगारांपासून कचेरीतील कारकुनांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्यांना ज्यांनी स्वच्छ, गरम आणि परवडणारे अन्न वेळेवर दिले, त्यांच्याविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. इडलीचे पीठ आंबवण्याचे पातेले घासून लख्ख केल्यावाचून त्यात दुसऱ्या दिवशीचे पीठ पडत नाही, ही त्या स्वयंपाकघरांची शिस्त आहे. आंबवणे म्हणजे काय, कोणता आंबटपणा हवा आणि कोणता नको, हे ज्यांच्या हातांना उपजत कळते, त्यांना किण्वनशास्त्र शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. तीच डोळस शिस्त काउंटरखालच्या त्या नळीपर्यंत पोहोचावी, एवढीच माझी इच्छा आहे.

थंडी, वायू आणि पेला यांविषयी थोडक्यात लिहितो. पिंप तीन-चार अंश सेल्सिअसच्या थंडीत राहिले पाहिजे; मुंबईच्या उन्हाळ्यात ते मोरीजवळच्या कोपऱ्यात ठेवून फक्त नळाशी बर्फ लावला, तर पेल्यात फेसच फेस येतो आणि पिंपातली बिअर मात्र आतल्या आत उतरत जाते. कार्बन डायऑक्साइडच्या जागी साध्या हवेचा दाब दिला, तर हवेतील प्राणवायूने दुसऱ्या दिवशीच बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येऊ लागते. आणि ज्या स्पंजाने तुपकट ताटे घासली त्यानेच पेले घासले, तर पेल्याच्या कडेला राहिलेला स्निग्धांश फेसाचा तत्काळ घात करतो. स्वच्छ पेल्यात घोटागणिक फेसाचे एकेक वलय काचेला लागून राहते, हे ओळखण्यास कोणत्याही उपकरणाची गरज लागत नाही.

परंतु या सर्व तांत्रिक दोषांहून ज्याने मला हे पत्र लिहिण्यास प्रवृत्त केले तो दोष निराळा आहे. बाकीच्या टेबलांवर कोणाची तक्रार नव्हती, हे व्यवस्थापकांचे म्हणणे खरे होते. आमच्यासारखीच आंबट बिअर पुढे असलेले लोक ती मुकाट्याने पीत होते. हा मूकपणा एका दिवसात आलेला नाही. 1949 च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने या प्रांतात परवान्यावाचून मद्यप्राशन हा अपराध ठरवला. आपल्या आरोग्याच्या रक्षणासाठी मद्य आवश्यक आहे अशा आधारावर परवाना मिळवायचा, आणि तो घेऊन अंधुक उजेडाच्या खोलीत, रस्त्याकडे पाठ करून बसायचे, अशा व्यवस्थेत आपल्या वडिलांची पिढी वाढली. तो कायदा अनेक बाबतींत सैल झाला असला तरी रद्द झालेला नाही, आणि परवान्याची अट आजही कागदोपत्री कायम आहे. त्या कायद्यामागील हेतू शुद्ध होता आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांची वेदना खरी होती, हे मी पूर्ण मान्य करतो. पण त्या काळाने पिणाऱ्याच्या मनात जो अपराधीपणा पेरला, त्याचा लाभ निष्काळजी विक्रेत्याला झाला. जो मनुष्य आपण येथे असल्याचेच लपवू पाहतो, तो मालाच्या प्रतीविषयी आवाज कसा उठवणार? ताक आंबट निघाले तर हाच मनुष्य दुकानदाराला चार शब्द सुनावतो. बिअर आंबट निघाली तर खाली मान घालून पैसे देतो. वस्तुतः अन्नसुरक्षेच्या कायद्याने मद्यही अन्नातच मोडते, आणि मद्यार्कयुक्त पेयांची मानके 1 एप्रिल 2019 पासून अंमलात आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली ज्या पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, त्या पुण्यामुंबईच्या ग्राहकाने मूल्य देऊन घेतलेल्या कोणत्याही वस्तूबाबत एवढे भिडस्त राहावे, याचे मला वैषम्य वाटते.

इतरत्र हा प्रश्न ग्राहकांनी आणि व्यावसायिकांनी मिळून सोडवला आहे. 1971 साली इंग्लंडमधील चार मित्र आयर्लंडच्या केरी परगण्यात सुटीवर असताना, आपल्या देशातील बिअरची प्रत ढासळत चालल्याच्या तळमळीने त्यांनी एक संघटना स्थापन केली. 'कॅम्पेन फॉर रिअल एल' या नावाने ती आज लाखाहून अधिक सभासदांची झाली आहे, आणि कोणत्या पबमध्ये बिअर नीट ठेवली जाते याची तिची वार्षिक मार्गदर्शिका पबमालकांना आदराची वाटते. पुढे तेथेच 'कास्क मार्क' ही योजना निघाली: स्वतंत्र तपासनीस पूर्वसूचना न देता पबमध्ये येतो, बिअरचे तापमान, रूप, गंध आणि चव पाहतो, आणि कसोटीस उतरलेल्या पबला दर्शनी भागी लावण्यास फलक मिळतो. चेक देशातील पिल्सेन नगरीत, जेथे 1842 साली सोनेरी लागरचा जन्म झाला, नळावर उभा राहून पेला भरणारा मनुष्य हा कुशल कारागीर मानला जातो आणि त्याला रीतसर शिक्षण दिले जाते. आपल्याकडेही प्रारंभ झालेला आहे. 2009 साली पुण्यात 'डूलाली'ने स्वतःची बिअर स्वतः गाळून नळावर देण्यास सुरुवात केली, त्यानंतर पुण्यामुंबईत अनेक लहान निर्मात्यांनी आंबा, कोकम, नाचणी अशा आपल्या मातीतील जिन्नसांचे प्रयोग केले, आणि जाणत्या रसिकांचा एक वर्ग निर्माण झाला. नळ नासका असेल तर त्यांचे श्रम इतरांच्या आधी मातीमोल होतात, कारण त्यांच्या बिअरची सगळी थोरवी तिच्या सूक्ष्म चवीत असते.

ग्राहकाच्या कर्तव्याविषयीही येथे बोलणे न्याय्य होईल. गव्हाची बिअर स्वभावतःच गढूळ असते व तिला केळ्याचा आणि लवंगेचा गंध असतो; काही प्रकार हेतुपुरस्सर आंबट केलेले असतात; न आवडलेली बिअर आणि बिघडलेली बिअर यांत भेद आहे, आणि न आवडलेल्या बिअरचे मूल्य ग्राहकाने दिलेच पाहिजे. पिचर रिता करून मग तक्रार करणाऱ्याचा पक्ष मी घेणार नाही. पहिल्या दोन घोटांतच, चारचौघांत तमाशा न करता, वेटरच्या मानास धक्का न लावता, दोष कोणता ते नेमके सांगावे, आणि व्यवस्थापकास स्वतः चाखून पाहण्याची विनंती करावी.

आता माझी विनंती. नळी शेवटची कधी धुतली आणि सध्याचे पिंप कधी उघडले, या दोन तारखा प्रत्येक नळाशेजारी ग्राहकास दिसतील अशा लिहिण्याची प्रथा आपल्या सभासदांनी स्वेच्छेने स्वीकारावी, आणि नळी धुण्याची जबाबदारी कोणाची हे कंपनीशी होणाऱ्या करारातच नमूद करण्याची तजवीज व्हावी. पिचर मागवणाऱ्यास आधी दोन घोट चाखायला द्यावेत. बिघडलेला पेला विनातक्रार बदलून द्यावा, नळच बिघडला असेल तर तो त्या दिवसापुरता बंद ठेवावा, आणि परत आलेल्या पेल्याची किंमत कोणत्याही परिस्थितीत वेटरच्या पगारातून कापली जाऊ नये. या शेवटच्या कलमाचा मी विशेष आग्रह धरतो. 'ड्राफ्ट अशीच असते' असे म्हणणाऱ्या त्या तरुणाच्या मनात अशी धास्ती होती किंवा कसे, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले नाही. पण खरे बोलल्याबद्दल ज्याला भुर्दंड पडेल त्याच्याकडून खऱ्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना एकदा नीट धुतलेल्या नळीतून भरलेला ताजा पेला आणि त्याच पिंपाचा न धुतलेल्या नळीतून आलेला पेला शेजारी शेजारी ठेवून दाखवावा. वयाची 21 वर्षे पूर्ण झालेली असतील आणि त्यांची इच्छा असेल, तर चाखायलाही द्यावा.

हा मसुदा ठरावाच्या रूपाने आपल्या संघटनेच्या पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवता आला तर मी आपला ऋणी होईन. नळ्या धुण्याची पद्धत सोप्या मराठी, हिंदी आणि कन्नड भाषांत लिहून तिचा तक्ता छापावयाचा झाल्यास मराठी मजकूर सिद्ध करण्याचे काम मी विनामूल्य अंगावर घेईन.



आपला नम्र,
मुंबईतील एक ग्राहक