धुता येत नाही ते भांडं विकत घेऊ नका!



"सर, घरी बिअर बनवून विकता येईल का?" चांदवड, मनमाड भागातले तरुण हा प्रश्न हमखास विचारतात. स्पष्ट सांगतो, नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय बिअर किंवा वाईन बनवणं गुन्हा आहे. पण आपल्या तालुक्यात द्राक्षं आहेत, डाळिंब आहे, त्यांचं व्हिनेगर बनवता येतं. त्यातही रसाचं आधी मद्य होतं आणि मग व्हिनेगर. म्हणून काम सुरू करायच्या आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नाशिक कार्यालयात लेखी विचारा आणि एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या.

आता मुद्द्याचं. बिअर असो, वाईन असो की व्हिनेगर, माझं ठाम मत आहे की पहिला पैसा भांड्यावर घाला. बरेच जण लेबल आणि बाटलीवर खर्च करतात, आणि रस आंबवायला मात्र जुना निळा ड्रम आणतात. त्या ड्रममध्ये आधी औषध होतं की केमिकल, कोणाला माहीत? प्लास्टिक ते शोषून घेतं आणि कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाही. ज्याला तुम्ही माल विकणार, त्याच्या पोटात ते जाणार. असा ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नका.

मग काय घ्यायचं? नवीन फूड-ग्रेड प्लास्टिकचा ड्रम स्वस्त पडतो, पण त्यावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत जंतू घर करतात. तारेची घासणी लावायचीच नाही. ओरखडे दिसू लागले की ड्रम बदला. काचेवर ओरखडे पडत नाहीत, पण अरुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत हात जात नाही आणि ती फुटते. स्टील सगळ्यात टिकाऊ. 304 ग्रेड चालतं, व्हिनेगरसाठी 316 जास्त चांगलं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको. आंबट रसात ते विरघळतं.

माझी कसोटी सोपी आहे. हात तळापर्यंत पोचतो का? नळ खोलून धुता येतो का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तरच पैसे द्या.

आकार घेताना जागा धरा. 100 लिटरच्या भांड्यात 75 ते 80 लिटरच रस भरा, फेस वर येतो. मद्य तयार होत असताना वायू बाहेर पडायला एअरलॉक लावा. घट्ट बंद केलं तर भांडं फुटू शकतं. खोलीही हवेशीर पाहिजे, हा वायू कोंडला तर जिवावर बेततं.

आता सफाई. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. भांडं रिकामं झालं की लगेच पाण्याने खळबळा, गाळ वाळू देऊ नका. मग हातमोजे घालून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने, मऊ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर लिंबूसत्वाने काढा. हे झाल्यावरच निर्जंतुक करायचं, कारण मळ राहिला तर त्याखाली जंतूही राहतात. स्टीलला उकळतं पाणी चालतं. काच त्याने तडकते आणि प्लास्टिक वाकतं, तिथे फूड-ग्रेड सॅनिटायझर डब्यावरच्या प्रमाणात वापरा. ब्लीच स्टीलला नको, बारीक खड्डे पडतात. शेवटी भांडं पालथं ठेवून वाळवा, फडक्याने पुसू नका. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लावू न देणाऱ्या आजीचं शास्त्र हेच होतं.

लासलगावच्या पुढे विंचूरला वाईन पार्क आहे. एखाद्या वायनरीत परवानगी घेऊन दिवसभर काम बघा. माणसं किती वेळ नुसती धुण्यातच घालवतात ते मोजा. तेवढा वेळ द्यायची तयारी असेल, तरच या धंद्यात उतरा. नाहीतर आंबलेल्या रसासोबत भांडवलही मोरीत जाईल.