आकाशाची नाडी

आमच्या वांद्र्याच्या गच्चीवरून आतां तारे बोटांवर मोजावे इतकेच दिसतात. परवां तेथें बसलों असतां धाकट्या पुतण्यानें विचारलें, "काका, खोडदच्या त्या मोठ्या थाळ्या इथेंच कां नाहीं बसवल्या?" उत्तर देतांना आम्हांस घरांतील निम्म्या वस्तूंचीं नांवें घ्यावीं लागलीं.

नारायणगांवाजवळ खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. ही दुर्बीण कै. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभी राहिली. त्यांनीं आरंभ केला तो आमच्या शेजारीं कल्याणास, १९६५ सालीं, ३२ लहान थाळ्या मांडून. पुढें या मोठ्या कामासाठीं मात्र डोंगरांच्या आडोशाचें खोडद निवडलें गेलें. कारण ही दुर्बीण प्रकाश पाहत नाहीं, रेडिओ-लहरी टिपते, आणि शहर म्हणजे त्या लहरींचा भरलेला बाजारच.

तिच्या शोधाचा एक विषय म्हणजे स्पंदक तारे. वजनानें सूर्याहून जड, पण वांद्रें ते बोरिवली एवढ्या अंतरांत मावणारे! स्वतःभोंवतीं फिरतांना ते दीपगृहासारखा लहरींचा झोत फेंकतात. १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल या विद्यार्थिनीनें कागदी पट्टीवरील एक बारीक खूण हेरली. ती दर १.३३ सेकंदांनीं पडणारी नाडी निघाली. १९७४ सालीं पारितोषिक मिळालें तें गुरूस. घरोघरच्या सुनांस यांत नवल वाटणार नाहीं.

२००७ सालीं त्याहून विलक्षण वस्तु हातीं लागली. ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील २००१ सालच्या नोंदींत डंकन लॉरिमर व त्यांच्या सहकाऱ्यांस सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत विझलेला एक स्फोट सांपडला. अंतराळांतील विरळ विद्युत्कणांमुळें लांब लहरी आंखूड लहरींच्या मागून पोंचतात. हा उशीर इतका मोठा होता कीं, तो आपल्या आकाशगंगेच्या हिशेबांत बसेना. अर्थात् स्फोट तिच्या बाहेरचा! परंतु त्याच दुर्बिणींत तशाच वळणाचे कांहीं तोतये ठोकेही उमटत, तेही बहुधा जेवणाच्या सुमारास. २०१५ सालीं चोर सांपडला: वेधशाळेचा मायक्रोवेव्ह! तो थांबण्यापूर्वींच कोणी भुकेलेला दार उघडी. लॉरिमरांचा स्फोट मात्र खरा ठरला, आणि खोडदच्या थाळ्यांनींही २०२० सालापर्यंत असे स्फोट टिपले.

एका मायक्रोवेव्हची ही कथा, तर विजेवर धांवणाऱ्या आगगाडीचें काय? पुणें-नाशिक लोहमार्गाची नारायणगांवावरून जाणारी आखणी या दुर्बिणीस बाधेल म्हणून रेल्वेखात्यानें नाकारली. टोमॅटोच्या त्या बाजारपेठेंतील शेतकरी हळहळले, आणि त्यांचें दुःख आम्हांस खोटें वाटत नाहीं. तरी आमचें मत दुर्बिणीच्या बाजूनें पडतें. रूळ वळवितां येतात, थाळ्या उचलून नेतां येत नाहींत. दारापासून हाकेच्या अंतरावर लोकल मिळणाऱ्यांनीं हें लिहिणें सोपें आहे, हें पुतण्याच्या वडिलांनीं आम्हांस तेथल्या तेथें ऐकविलें.