शंभरवाला स्वस्त, साठवाला महाग

यामाहाची दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली की गिऱ्हाईक हमखास बुचकळ्यात पडतं. एक आर-एस२०२, स्टिरिओ रिसीव्हर, चॅनेलमागे १०० वॅट. दुसरा ए-एस३०१, इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, चॅनेलमागे ६० वॅट. आणि महाग कोण, तर साठवाला! दिवाळीच्या गर्दीत काउंटरमागचा माणूस "तो वरचा मॉडेल आहे" एवढं म्हणून पुढच्या बिलाकडे वळतो, आणि गिऱ्हाईक शंभरवाला उचलतं. पुष्कळदा त्याला हवा असतो तोही तोच, पण उचलतं ते भलत्याच कारणाने.

उलगडा स्पेसिफिकेशनच्या त्याच ओळीत, आकड्याच्या पुढे छापलेला आहे. शंभर वॅट ८ ओहमवर, ४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.२ टक्के टीएचडीला. साठ वॅटही ८ ओहमवरच, पण २० हर्ट्झपासून आणि ०.०१९ टक्क्यांना. दोन्ही आकडे खरे, परीक्षा वेगळी. २० ते ४० हर्ट्झच्या त्या शेवटच्या सप्तकातच ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर कपॅसिटरचा कस लागतो. पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर तिथवर उतरतच नाहीत, त्यामुळे त्या गिऱ्हाइकाला हा फरक जाणवणारही नाही. त्याला जाणवेल ते मागच्या पॅनलवरचं. ए-एस३०१ला टर्नटेबलसाठी फोनो आहे, टीव्हीसाठी ऑप्टिकल आहे, कोॲक्सिअल आहे, सबवूफरचा आउट आहे. आर-एस२०२मध्ये यातलं काही नाही. ब्लूटूथ, एफएम आणि साध्या लाइन इन. जास्तीचे पैसे मुख्यतः या जोडण्यांचे आणि पॉवर सप्लायचे आहेत. ज्याला फक्त फोनवरची गाणी आणि रेडिओ ऐकायचा आहे, त्याने ते का मोजावेत?

वॅटचा आकडा मोठा दिसला की माल हलतो, हे या धंद्याला कोणी शिकवायला नको. नव्वदच्या दशकात टू-इन-वन आणि म्युझिक सिस्टिमवर हजार-हजार वॅट पीएमपीओचे चकचकीत स्टिकर असत. आतल्या आयसीला दोन आकडी वॅट देतानाही धाप लागे. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धत कधी नव्हतीच, त्यामुळे तो आकडा खोटा ठरवायचीही सोय नव्हती.

अमेरिकेत हाच तमाशा त्याआधी होऊन गेला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४मध्ये ॲम्प्लिफायरच्या वॅटसाठी नियम केला: कुठल्या लोडवर, कुठल्या फ्रिक्वेन्सीत, किती विकृतीला, हे सांगितल्याशिवाय जाहिरातीत आकडा छापायचा नाही. पळवाटा तरीही निघाल्याच. २०२४मध्ये नियम पुन्हा आवळला गेला आणि ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, १ टक्क्याहून कमी टीएचडी अशी एकच परीक्षा ठरली. हा नियम अमेरिकेतल्या विक्रीपुरता. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर येणाऱ्या मालाला त्याची सक्ती नाही, पण फूटपट्टी म्हणून तो कोणालाही वापरता येतो.

आता खोलीचा हिशेब. फ्लॅटमधला नेहमीचा हॉल, बुकशेल्फ स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, बसायची जागा अडीच मीटरवर. एका वॅटला एक मीटरवर ८६. अंतरामुळे आठ वजा, दोन स्पीकर म्हणून तीन अधिक. खुर्चीवर ८१ डेसिबल, तेही चॅनेलमागे एकाच वॅटमध्ये. भिंतींवरून परतणारा आवाज वेगळाच. घरात निवांत ऐकण्याची पातळी सरासरी ७५ धरली, तर वॅटचा चौथा हिस्सा पुरतो. खर्च होतो तो तबल्याच्या थापेला, ढोलकीच्या कडकडाटाला. ते सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळी मारतात. ९५ डेसिबलची उसळी धरली तरी लागतात २५ वॅट. पन्नास खरे वॅट असतील तर गाठता येतात ९८, आणि शंभर असतील तर १०१. पन्नासाचे शंभर केले की पदरात पडतात फक्त तीन डेसिबल, आणि ते शेजाऱ्यांना आधी ऐकू येतात.

उलट ८३ डेसिबलचा स्पीकर सोडून ८९चा घेतला, तर तेवढ्याच आवाजाला चौथाई वॅट लागतात. बजेट तुटपुंजं असेल तर रिसीव्हरवरचे चार-पाच हजार स्पीकरकडे वळवावेत, असं हे मासिक म्हणतं ते या हिशेबावर.

वॅटपेक्षा घात करतो तो ओहम. स्पीकरवर ८ लिहिलेलं असतं ते नाममात्र. आयईसी मानकाप्रमाणे इम्पिडन्स कुठेही नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये, म्हणजे ८चा स्पीकर ६.४च्या खाली नाही. प्रत्यक्षात ८चं लेबल लावलेले पण साडेतीन-चारपर्यंत घसरणारे स्पीकर बाजारात आहेत. मल्टीमीटर लावून डीसी रेझिस्टन्स पाहायला अर्धा मिनिट लागतो. सहा-सातच्या आसपास वाचन आलं तर ८चा, तीन-साडेतीन आलं तर लेबल काहीही म्हणो, तो ४चा. अशा स्पीकरला स्वस्त रिसीव्हर जोडून वर गिऱ्हाइकाच्या हौसेखातर बेडरूममध्ये तसलीच 'बी' जोडीही टाकली, की ए आणि बी समांतर होऊन लोड २ ओहमवर येतो. मग हीटसिंक तापतो, प्रोटेक्शन रिले टकटक करतो, आणि "माल खराब निघाला" म्हणून वॉरंटीचा फोन येतो.

काही रिसीव्हरच्या मागे ओहमची कळ असते. ती 'लो'वर केली की बहुतेक मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज खाली येतं, यंत्र थंड राहतं आणि ताकद घटते. स्पीकरला त्याने काही फायदा होत नाही. हवा खेळती असलेल्या कपाटात, घरच्या आवाजाला, ४ ओहमच्या एका जोडीसाठी ती कळ हलवण्याची गरज सहसा पडत नाही. बंद शोकेसमध्ये मात्र मॅन्युअल म्हणेल तसं करावं.

दोनच स्पीकर असताना ५.१चा एव्ही रिसीव्हर विकावा का? स्वस्तातल्या एव्ही रिसीव्हरच्या खोक्यावर जो मोठा आकडा असतो तो पुष्कळदा ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झला, एकच चॅनेल चालवून, १० टक्के विकृतीला काढलेला असतो. नुसते १ टक्क्याचे १० टक्के केले तरी आकडा पाव हिश्श्याने फुगतो. पण टीव्ही हेच घरातलं मुख्य यंत्र असेल तर एचडीएमआय एआरसीची सोय इतकी मोठी आहे की पाचातले तीन चॅनेल रिकामे ठेवूनही तो घ्यावा. एकाच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो, आजी-आजोबांची तक्रार येत नाही. ऑप्टिकलवर भागवायचं असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएम करून द्यावा. स्टिरिओ यंत्राला डॉल्बीचा प्रवाह उलगडता येत नाही. वायर बरोबर, दिवा लागलेला आणि आवाज शून्य, अशी निम्मी बोलावणी या एका सेटिंगपायी येतात.

सध्या सगळ्यात जास्त विकली जाते ती तळहाताएवढी क्लास डी डबी. तिच्याबद्दल नाकं मुरडण्याचं कारण नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ आणि टीपीए३२५५ या चिपनी स्वस्त स्टिरिओचा चेहरा बदलला. अडचण डबीवरच्या तीनशे वॅटची. टीपीए३२५५च्या डेटाशीटमध्ये ४ ओहमवर चॅनेलमागे ३१५ वॅट आहेत खरे, पण ते पन्नास व्होल्टच्या वरच्या पुरवठ्याला आणि १० टक्के विकृतीला. डबीसोबत अडॅप्टर येतो ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा. म्हणजे एकूण १६० वॅट, त्यातून चिपची उष्णता वजा. ८ ओहमवर ३२ व्होल्टमधून फार तर २२.६ व्होल्ट आरएमएस निघतात, म्हणजे चॅनेलमागे ६४ वॅट ही कमाल. ४ ओहमवर कागदावर १२८, पण दोन्ही चॅनेलना मिळून २५६ लागतील आणि अडॅप्टर १६०चा. चॅनेलमागे पन्नास-साठ वॅट अशा किमतीत मिळत असतील तर सौदा उत्तमच आहे. तो तीनशे म्हणून कशाला विकायचा?

ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राला मात्र हे गणित लावू नये. मागच्या पाटीवरचा वीजखर्च मानकाप्रमाणे पूर्ण ताकदीच्या आठव्या हिश्श्यावर मोजतात. "पाटीवर दीडशे वॅट, मग शंभर-शंभर कुठून देणार?" हा जुन्या कारागिरांचा सवाल बिनतोड वाटतो, पण तो चुकीच्या आकड्यावर उभा आहे.

परदेशातून आलेल्या रिसीव्हरची गोष्ट वेगळी. मुलगा न्यू जर्सीहून येताना उचलून आणतो, आणि जोडून द्यायचं काम इथल्या फिटरकडे येतं. यंत्र १२० व्होल्टचं, त्याला स्टेप-डाउन लागतो, आणि ६० हर्ट्झला बेतलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. रेडिओची गंमत याहून न्यारी. अनेक अमेरिकन ट्यूनर ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतात आणि विषम दशांशावरच थांबतात. पुण्याची विविध भारती १०१.० वर; यंत्र १००.९ वर थांबेल नाहीतर १०१.१ वर. शिवाय तिथलं डी-एम्फसिस ७५ मायक्रोसेकंदांचं, आपलं ५०, त्यामुळे लागलेलं स्टेशनही किंचित मंद, दबलेलं ऐकू येतं. फुकट आलेला रिसीव्हर असा स्वस्त पडत नाही.

जुन्या मालाला हे मासिक विरोध करणार नाही. चोरबाजारातून आलेला सत्तर-ऐंशीच्या दशकातला रिसीव्हर आधी सिरीज बोर्डवर लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जावं, पेटलेलाच राहिला तर थांबावं. मग स्पीकर न जोडता टर्मिनलवर डीसी मोजावा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असला पाहिजे. कोकणातून आलेल्या यंत्रात रिलेचे काँटॅक्ट आणि व्हॉल्यूमचा पॉट खाऱ्या हवेने काळे पडलेले असणार, तो खर्च भाव करतानाच धरावा. वायरीचं थोडक्यात: दहा मीटरला १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर ८ ओहमला पुरते, ४ ओहमला २.५ घ्यावी, आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या भावात गळ्यात पडू देऊ नये.

कोटेशनच्या कागदावर आज आपण 'रिसीव्हर, १०० वॅट, १ नग' असं लिहितो. त्याच ओळीत ओहम, फ्रिक्वेन्सी, टीएचडी आणि किती चॅनेल चालवून, एवढं लिहायला दहा शब्दही लागत नाहीत. गिऱ्हाईक ते वाचणार नाही, पण त्याचा इंजिनिअर भाचा वाचतो. पुढच्या अंकापासून या मासिकात येणाऱ्या जाहिरातींनाही हीच अट राहील: परीक्षेच्या अटींशिवाय वॅटचा आकडा छापला जाणार नाही. एखाद-दुसरा जाहिरातदार रुसेल, तसं जाहिरात विभागाने आधीच बजावलं आहे.