अमावास्येची रात्र कोणाला सांगावी?

नातवंडे तासन् तास जपानी चित्रमालिका पाहत बसतात आणि त्यांत सारखे राक्षस मारले जातात, अशी तक्रार दवाखान्यात आलेले आजी-आजोबा वरचेवर करतात. याचा मुलांच्या मनावर परिणाम होणार नाही का, असा त्यांचा प्रश्न असतो. माझे उत्तर साधे आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. ती मिळत असेल, अभ्यास आणि खेळ चालू असेल, तर राक्षसांची फारशी धास्ती घेऊ नये. आपणही लहानपणी वेताळाच्या आणि ब्रह्मराक्षसाच्या गोष्टी ऐकूनच मोठे झालो. उलट एखाद्या संध्याकाळी नातीच्या शेजारी बसून तिची मालिका पाहावी. आज अशाच एका कथेविषयी लिहितो आहे, कारण ज्येष्ठांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या अगदी उपयोगाची एक गोष्ट तिच्यात दडलेली आहे.

कथेचे नाव ‘इनुयाशा’. रुमिको ताकाहाशी या जपानी चित्रकथालेखिकेने ती 1996 ते 2008 या काळात एका साप्ताहिकातून क्रमशः लिहिली व रेखाटली. पुढे तिचे 56 खंड झाले आणि 2000 पासून दूरचित्रवाणीवर तिची मालिका आली. नायिका कागोमे ही टोकियोत राहणारी शाळकरी मुलगी. आई, धाकटा भाऊ आणि आजोबा हे तिचे कुटुंब. घर एका जुन्या देवस्थानाच्या आवारात, आणि त्या आवारात एक कोरडी विहीर. पंधराव्या वाढदिवशी एक राक्षसीण कागोमेला त्या विहिरीत ओढून नेते. ती वर येते तेव्हा सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या जपानमध्ये असते. तिथे सर्वत्र युद्धे चालू आहेत आणि रानावनांत ‘योकाई’, म्हणजे नाना प्रकारचे राक्षस व भुतेखेते, मोकाट हिंडत आहेत. राक्षसांचे बळ वाढवणारे एक दिव्य रत्न तिच्याच बाणाने फुटून त्याचे तुकडे दशदिशांना उडतात. ते तुकडे दुष्टांच्या हाती पडण्यापूर्वी गोळा करणे, हा तिचा शोधप्रवास.

या प्रवासात दोन वृद्ध माणसे तिच्या पाठीशी आहेत. पलीकडच्या जगात काएदे नावाची एका डोळ्याची वृद्ध पुजारीण आहे. गावकऱ्यांच्या जखमा बांधणारी, वनौषधी जाणणारी आणि अनोळखी मुलीला आधार देणारी ही आजी कथेतील सर्वांत शहाण्या व्यक्तींपैकी एक आहे. अलीकडच्या जगात कागोमेचे आजोबा आहेत. नात राक्षसांशी लढायला गेली की शाळेला काय सांगायचे, ही जबाबदारी त्यांच्यावर येते. मग ते तिच्या गैरहजेरीसाठी एकामागून एक आजार रचतात आणि त्यांत संधिवातासारखी म्हातारपणाची दुखणीही असतात. पंधरा वर्षांच्या, टुणटुणीत मुलीच्या प्रकृतीची विचारपूस करताना तिच्या मैत्रिणींचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

डॉक्टर म्हणून मला या विनोदाची दुसरी बाजू अधिक परिचयाची आहे. कथेतले आजोबा नसलेले आजार सांगतात, तर आपल्या घरांतले आजी-आजोबा असलेले लपवतात. “मला काही होत नाही,” हे वाक्य पंच्याहत्तरीच्या पुढच्या रुग्णांकडून मी जितके ऐकतो तितके तिशीतल्यांकडून ऐकत नाही. मुलांना त्रास नको, औषधांचा खर्च नको, बाहेर हिंडणे-फिरणे बंद व्हायला नको, अशी त्यामागची कारणे असतात. ती समजण्यासारखी आहेत. परंतु लपवण्याची किंमत मोठी असते आणि ती बहुधा रात्री मोजावी लागते.

इथेच कथेतला तो प्रसंग आठवतो. कागोमेचा सोबती इनुयाशा हा अर्धा राक्षस व अर्धा माणूस आहे. त्याचे बळ अफाट, त्याच्या जखमा पाहता पाहता भरून येतात. मात्र दर अमावास्येच्या रात्री हे बळ पूर्ण ओसरते. पांढरे केस काळे होतात, नखे साधी होतात आणि पहाटेपर्यंत तो केवळ एक माणूस उरतो. शत्रूला कळले तर जीव जाईल, म्हणून त्याने हे गुपित आयुष्यभर जपलेले असते, सोबतच्या मुलीपासूनसुद्धा. नेमक्या अशाच एका रात्री कोळ्यांच्या रूपातले राक्षस त्यांना गाठतात. तो विषाने गलितगात्र होतो आणि कागोमेला कळते की आधी सांगितले असते, तर त्या ठिकाणी मुक्कामच केला नसता. तिला राग येतो तो त्याच्या दुर्बलतेचा नव्हे, त्याने विश्वास न ठेवल्याचा. पुढे सोबत्यांना ही गोष्ट ठाऊक होते आणि अमावास्या जवळ आली की ते सावध राहतात.

वाचकहो, आपणा प्रत्येकाची अशी एक अमावास्या असते. दिवसा ताठ चालणारा माणूस एका ठरावीक वेळी दुबळा होतो. ती वेळ ओळखणे व घरातल्या निदान एका व्यक्तीला सांगणे, हा वार्धक्यातला महत्त्वाचा उपचार आहे आणि त्याला पैसा पडत नाही.

काहींची अमावास्या रात्री दोन वाजता लघवीला उठताना येते. झोपेतून एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी, तसेच दिवसभरात पाणी कमी प्यायल्याने हा त्रास वाढतो. पडवे, उभे राहावे आणि तीन मिनिटांच्या आत रक्तदाब पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावे, मगच उठावे. स्वच्छतागृहापर्यंत मंद दिवा असावा, वाटेत सतरंजीची दुमडलेली कड नसावी. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा धोका अधिक असतो. म्हणून “पडलो, पण लागले नाही,” हेही सांगण्यासारखेच वृत्त आहे.

काहींची अमावास्या रक्तातील साखरेची असते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी रात्री जेवण टाळले, तर पहाटे साखर उतरू शकते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही औषधांमुळे थरथर व धडधड जाणवतही नाही. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी आणि सावरल्यावर थोडे खायला द्यावे. यंत्र हाताशी नसले, पण लक्षणे तशीच असली, तरी साखर देण्यास उशीर करू नये. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही देऊ नये, 108 ला दूरध्वनी करावा. गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे बरे वाटले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. हे सारे शेजारच्या खोलीत झोपणाऱ्याला आधीच ठाऊक नसेल, तर पहाटे तीन वाजता कोण कोणाला सांगणार?

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अमावास्या रोज सूर्यास्तानंतर येते. दिवसा शांत असणारी आई संध्याकाळी अस्वस्थ होते, “मला घरी जायचे आहे,” असे स्वतःच्याच घरात बसून म्हणते. तिच्याशी वाद घालू नये. दिवे लवकर लावावेत, आवाज व वर्दळ कमी करावी, दुपारची झोप आटोपशीर ठेवावी. परंतु हा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल, तर तो वयाचा दोष समजू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, नवे औषध, न सांगता आलेली वेदना अशी कारणे त्यामागे असू शकतात आणि ती बरी करता येतात.

आणखी एक अमावास्या लाजेची. लघवीवर ताबा न राहणे, ऐकू कमी येणे, जेवताना ठसका लागणे या गोष्टी वृद्ध मंडळी मनात ठेवतात. लघवीच्या भीतीने लग्नकार्याला न जाणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत. या तक्रारींवर बऱ्याचदा व्यायामाने, औषधाने किंवा श्रवणयंत्राने चांगला उतार पडतो. सांगितले, तरच.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. कागोमे रागावली, पण तिने त्याला दुबळा म्हणून हिणवले नाही आणि पहाट झाल्यावर त्याच्या हातातली तलवारही काढून घेतली नाही. आपल्याकडे वडिलांनी पडल्याचे सांगितले की दुसऱ्या दिवसापासून त्यांचे फिरणे बंद, बाजार बंद. मग पुढच्या वेळी ते सांगतच नाहीत. बंदी घालण्याऐवजी काठी, चांगल्या पकडीची पादत्राणे आणि भिंतीला आधाराची दांडी द्यावी. आणि तुमचीही एक अमावास्या असते, हे विसरू नका. सलग महिनाभर रात्री जागणाऱ्या सुनेने किंवा मुलाने “आज मला जमणार नाही,” असे म्हणणे हा कर्तव्यातला कसूर नव्हे. त्या रात्री कोण येईल, हे आधीच ठरवून ठेवावे.

या पंधरवड्यात एक करून पाहा. कागदावर चार ओळी लिहा: मला कोणत्या वेळी अशक्त वाटते, तेव्हा काय होते, मी कोणती औषधे घेतो, आणि त्या वेळी कोणी काय करावे. तो कागद औषधांच्या डब्याजवळ चिकटवा व घरात वाचून दाखवा. एकटे राहत असाल, तर एक प्रत शेजाऱ्यांकडे द्या. अक्षर थरथरते अशी सबब असेल, तर नातीला लिहायला सांगा. राक्षसांच्या गोष्टी पाहणाऱ्या त्या मुलीला हा कागद कशासाठी आहे, ते लगेच कळेल.