फुरसतीचे खेळ : पट डोळ्यांआड असताना

समोर पट नाही, प्रतिस्पर्धी दिसत नाही आणि तरीही युद्धाचा खेळ खेळावयाचा आहे. अशा वेळी कोणता योद्धा कोठे उभा आहे, हे दोघांनाही सारखेच कळावे कसे? केवळ लेखी मजकुरावर चालणारे कल्पित युद्धांचे खेळ आज पुष्कळ तरुण खेळतात. त्यांना पडणारा हा प्रश्न कोलकात्यास मात्र नवा नाही.

१८८०-८१ साली तेव्हाचे कलकत्ता आणि इंग्लंडमधील लिव्हरपूल यांच्यात तारेने बुद्धिबळाचा सामना झाला. त्या काळी ब्रिटिश टपालखाते तारेत अंक किंवा सांकेतिक लिपी स्वीकारीत नसे; लॅटिन शब्द मात्र चालत. तेव्हा विल्यम वॉटसन रदरफर्ड यांनी एक युक्ती योजिली. डावातील सर्व नियमसंमत खेळ्या ठरावीक क्रमाने मोजून त्यांना क्रमांक द्यावयाचे. पहिल्या डावातील क्रमांकास ६० ने गुणून त्यात दुसऱ्या डावातील क्रमांक मिळवावयाचा. पहिला ७ आणि दुसरा १२ असेल, तर ४३२ येतात. ते ०४३२ असे मांडावयाचे. पहिल्या दोन अंकांवरून मूळ शब्द, तिसऱ्यावरून उपसर्ग व चौथ्यावरून प्रत्यय घेतला, की लॅटिन भासणारा एक शब्द तयार होई. एका शब्दात दोन खेळ्या समुद्रापार जात!

परंतु यातील मर्म ध्यानी घ्यावे. दोन्ही टोकांची मांडणी तंतोतंत एक नसेल, तर तोच क्रमांक भलतीच खेळी दाखवील. नियमांचेही तसेच. विलायती पद्धतीत पहिल्या खेळीस २० पर्याय असतात. आपल्या जुन्या पद्धतीत प्यादे प्रारंभी एकच घर चाले. त्यामुळे पर्याय त्याहून कमी उरतात. कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरांशी खेळत, ते विलायती नियमांनी. तरी प्यादे एकेक घर सरकविण्याची देशी धाटणी त्यांच्या खेळात दिसे. या डावांवरूनच काही प्रारंभांना ‘इंडियन’ हे नाव मिळाले.

आपल्या घरची मुले पत्राने वा लेखी निरोपाने असे खेळ खेळत असतील, तर त्यांना चार गोष्टी अवश्य सांगाव्यात. नियम खेळापूर्वीच लिहून ठेवावेत. प्रत्येक पाळीनंतर पंचाने सर्वांची स्थाने पुन्हा सांगावीत. “जवळ” असे मोघम न लिहिता “विहिरीच्या पलीकडे, भिंतीच्या आड” असे लिहावे. आणि वर्णनच संदिग्ध असेल, तर त्याचा लाभ खेळाडूस द्यावा. कारण त्याला दिसणारी रणभूमी पंचाच्या शब्दांतूनच उभी राहिलेली असते.

दूर बसलेल्या दोघांत पट नसतो, असतो तो केवळ विश्वास. नेमके शब्द वापरणे हीच त्याची राखण होय.